सबवूफरची घरघर आणि बाबांच्या रेकॉर्ड्‌स

आजच्या गप्पांचा विषय जरा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. मी पेशाने आयटी कन्सल्टंट, वर एमबीए, त्यामुळे साध्या गोष्टीच्या चाळीस स्लाइड करायची सवय आहे. पण रेडिओवर स्लाइड दाखवता येत नाहीत, हे तुमचं नशीब.

विषय असा. घरात जुन्या एलपी रेकॉर्ड्‌स आहेत, हौसेने टर्नटेबल घेतलंय, ते टीव्हीच्या होम थिएटरला जोडलंय, आणि गाण्याच्या खालून एक घरघर येते. कधी तीही ऐकू येत नाही, नुसता सबवूफरचा पडदा आतबाहेर धडपडताना दिसतो. ती घरघर कुठून येते आणि घालवायची कशी, एवढंच आज सांगणार आहे. सुरुवात मात्र माझ्या आईपासून करावी लागेल.

बाबा गेले त्याला आता दोन वर्षं होतील. पुण्याचं घर आवरताना भावाने विचारलं, "रेकॉर्ड्‌सचं काय करायचं?" साठेक रेकॉर्ड्‌स होत्या. गीतरामायण, भीमसेनजींची अभंगवाणी, वसंतरावांची 'कट्यार'ची पदं, कुमारजी. मी म्हटलं, मी नेते. दोन खेपांत, हातातल्या बॅगेतून, मी त्या न्यू जर्सीला आणल्या. चेक-इन सामानात एकही टाकली नाही.

मागच्या मे महिन्यात आई सहा महिन्यांसाठी आली. तिला सरप्राइज म्हणून मी टर्नटेबल लावून ठेवलं होतं. पहिल्या रविवारी चहा झाल्यावर गीतरामायणाची रेकॉर्ड लावली. आई पाच मिनिटं बसली, मग उठली आणि म्हणाली, "बंद कर गं. छातीवर दाब आल्यासारखं होतंय."

मला वाटलं, बाबांची आठवण झाली. पण ऐंशीच्या घरातली बाई छातीवर दाब म्हणते, तिथे तर्क लढवत बसायचं नसतं. व्हिजिटर इन्शुरन्सचे कागद काढले आणि तिला थेट इमर्जन्सीला नेलं. ईसीजी, रक्ततपासण्या, सगळं व्यवस्थित आलं. घरी आल्यावर मी ठरवलं की रेकॉर्ड्‌सचा विषय काढायचा नाही. दोन आठवडे टर्नटेबलवर कापड टाकलेलं होतं.

मग एके दिवशी माझ्या चौदा वर्षांच्या मुलाने आपली कुठलीतरी रेकॉर्ड लावली. सबवूफरची जाळी त्याने काढून ठेवली होती, कारण या वयात जाळ्या काढायच्याच असतात. तो मला हाक मारून म्हणाला, "आई, गाणं अजून सुरूच झालं नाही, मग हा पडदा का हलतोय?" बघते तर बारा इंची पडदा पाऊण इंच आतबाहेर करत होता, आवाज शून्य. खिडकीची काच मात्र बारीक थरथरत होती. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आईला झालं ते निदान सगळंच आठवणींचं नव्हतं.

माणसाच्या कानाला साधारण २० हर्ट्झच्या खालचा आवाज सूर म्हणून ऐकू येत नाही. पण तो पुरेसा मोठा असला तर अंगाला दाबासारखा जाणवतो. आमच्या हॉलमध्ये नेमकं तेच चाललं होतं.

आता हे आवाज येतात कुठून? त्यासाठी थोडा इतिहास. आम्ही राहतो एडिसन गावाच्या जवळ. आपल्यापैकी बरेच जण तिथे पटेल ब्रदर्सला जातात, पण त्याच टाउनशिपमधल्या मेन्लो पार्कला १८७७ साली थॉमस एडिसनने फोनोग्राफ बनवला हे किती जणांच्या लक्षात असतं? त्या फोनोग्राफची सुई आवाजाप्रमाणे वरखाली खोदत जायची, डोंगर-दरीसारखी. दहा वर्षांनी एमिल बर्लिनरचा ग्रामोफोन आला, त्याची सुई डावी-उजवीकडे हलायची. पुढे बाजारात बर्लिनरची पद्धत टिकली. १९४८ साली आलेल्या मोनो एलपीत आवाज फक्त आडव्या हालचालीत असतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्टिरिओ एलपी आल्या, तेव्हा एकाच खाचेत आडवी आणि उभी अशा दोन्ही हालचाली वापरल्या गेल्या. हे आडवं-उभं प्रकरण ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

दुसरी गोष्ट. रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम बारीक करून कापतात, नाहीतर खाच इतकी रुंद होईल की एका बाजूवर गाणी मावणार नाहीत. वाजवताना अँप्लिफायरचा फोनो भाग ते सूर परत मोठे करतो. १९५४ साली अमेरिकेतल्या रेकॉर्डिंग कंपन्यांच्या संघटनेने याचं प्रमाण ठरवलं, त्याला आरआयएए कर्व्ह म्हणतात. या हिशेबाने २० हर्ट्झचा आवाज १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे १९ डेसिबल, म्हणजे जवळजवळ ९ पट वाढवला जातो. गाण्यातला खर्ज त्यामुळे मूळ पदावर येतो. पण जे रेकॉर्डवर कोणी कापलेलंच नाही, म्हणजे मोटरची थरथर, वाकलेल्या रेकॉर्डचे हेलकावे, जमिनीचे हादरे, तेही ९ पट मोठं होऊन बाहेर येतं.

मग लहानपणी आपल्याला हे कधी का जाणवलं नाही? आमच्याकडे एचएमव्हीचा फिएस्टा होता. तुमच्यापैकी अनेकांकडे असेल. त्याच्या झाकणातल्या छोट्या स्पीकरची खालचे सूर वाजवायची ताकदच नव्हती, मग घरघर कुठून वाजवणार? आपण मोठे झालो, अमेरिकेत आलो, सेलमध्ये बारा इंची सबवूफर घेतला आणि जुनं भूत जागं केलं.

आता भूत कुठलं, ते ओळखायचं. आयटीतला पहिला नियम: एका वेळी एकच गोष्ट बदला. सबवूफरची जाळी काढा, आवाज कमी ठेवा आणि चार चाचण्या करा.

पहिली चाचणी. सुई रेकॉर्डवरून उचला. घरघर तशीच राहिली तर ती रेकॉर्डची नाहीच. तो विजेचा हम आहे, इथे ६० हर्ट्झचा किंवा त्याच्या पटीतला. टर्नटेबलची अर्थची वायर फोनो इनपुटच्या स्क्रूला लागलीय का बघा. सुई उचलताच घरघर थांबली तर पुढे चला.

दुसरी. टर्नटेबल बंद ठेवून, थांबलेल्या रेकॉर्डवर सुई हळूच टेकवा. मग टेबलावर बोटाने टकटक करा, शेजारून चालून बघा. सबवूफरमधून धप्‌धप्‌ आलं तर जमिनीचे हादरे सुईपर्यंत पोचताहेत.

तिसरी. रेकॉर्ड फिरवा आणि गाणं सुरू होण्याआधीच्या कोऱ्या खाचेत पडदा बघा. एलपी मिनिटाला सव्वातेहेतीस फेरे घेते असं बरेच जण म्हणतात, पण खरा आकडा तेहेतीस आणि एक तृतीयांश. म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. पडदा दर १.८ सेकंदांनी एकदा फुगत असेल तर रेकॉर्ड वाकलेली आहे किंवा मधलं भोक मध्यावर नाही. सतत भरभर थरथरत असेल, सेकंदाला सात-आठ वेळा, तर आर्म आणि कार्ट्रिजचं जुळत नाही.

चौथी. पडदा फार हलत नाही, पण खालच्या पट्टीत एकसारखी घूं ऐकू येते. ती मोटर किंवा बेअरिंगची. जुन्या रबरी चाकाच्या टर्नटेबलमधली मोटर इथल्या विजेवर बहुतेक वेळा मिनिटाला १८०० च्या आसपास फेरे घेते, म्हणजे ३० हर्ट्झ, आणि रबरी चाक ती थरथर थेट थाळीला देतं. तेल-पाणी आणि नवं चाक, हा तिथला उपाय. पट्ट्याच्या आणि डायरेक्ट ड्राइव्हच्या टर्नटेबलमध्ये हा त्रास खूप कमी असतो.

आमच्याकडे काय निघालं? दुसरं आणि तिसरं, दोन्ही.

खरं सांगायचं तर हे सगळं शिस्तीत करण्याआधी मी दोन चुका केल्या. आधी सबवूफर बंदच केला. घरघर गेली, पण डग्ग्याची घुमारीही गेली. मग म्हटलं, सगळं डिजिटल करून टाकू आणि सॉफ्टवेअरमध्ये खालचं छाटू. १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून मी बारा रेकॉर्ड्‌स एमपीथ्री केल्या आणि भावाला पुण्याला पाठवल्या. तो तबला शिकलेला आहे. त्याचा निरोप आला, "ताई, वसंतरावांच्या मागे तबला आहे की टिमकी?"

त्याचं बरोबर होतं. डग्ग्याचा गाभा साधारण ६० ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या गवयाच्या तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झ. मी घरघरीबरोबर तेही छाटलं होतं. आणि मूळ न छाटलेली फाइल ठेवली नव्हती, म्हणजे बारा रेकॉर्ड्‌स पहिल्यापासून परत वाजवणं आलं. कामावर मी लोकांना बॅकअपवर व्याख्यानं देते, हे माझ्या टीमला कृपया कळवू नका.

पण त्या आकड्यांत चांगली बातमीही आहे. आपल्या संगीतात ५० हर्ट्झच्या खाली जवळजवळ काही नसतं, आणि घरघरीचा सगळ्यात त्रासदायक भाग असतो १५ हर्ट्झच्या खाली. मधे मोकळी जागा आहे. सुरी तिथे चालवायची.

त्यासाठी मिळतो तो सबसॉनिक फिल्टर, काही जण रंबल फिल्टर म्हणतात. तुमच्या फोनो प्रीअँपवर अशा नावाचं बटण असेल तर आधी ते दाबून बघा. नसेल तर फोनो प्रीअँप आणि रिसीव्हरच्या मधे बसवायची वेगळी डबी मिळते. विकत घेताना दोन आकडे बघा: कापायची जागा २० हर्ट्झच्या आसपास, आणि उतार १८ किंवा २४ डेसिबल दर सप्तकाला. उताराचं महत्त्व असं. काही प्रीअँपमध्ये १९७६ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणे २० हर्ट्झचा सौम्य फिल्टर आधीच असतो, सप्तकाला ६ डेसिबलचा. तो १० हर्ट्झला जेमतेम ७ डेसिबल कमी करतो. २४ डेसिबलवाला तिथे २४ कमी करतो आणि ५ हर्ट्झला ४८. पडदा शांत होतो आणि डग्ग्याला धक्का लागत नाही.

दुसरा उपाय फुकट आहे. वाकलेली रेकॉर्ड सुईला वरखाली हलवते, म्हणजे उभी हालचाल. मघाशी म्हटलं तसं, मोनो रेकॉर्डमध्ये गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं. त्यामुळे अँप्लिफायरवर मोनोचं बटण असेल आणि रेकॉर्ड मोनो असेल, तर ते दाबा. दोन्ही चॅनेल मिसळले की उभी हालचाल बरीचशी एकमेकांना खाऊन टाकते आणि गाणं जसंच्या तसं राहतं. बाबांच्या निम्म्याहून जास्त रेकॉर्ड्‌स मोनो निघाल्या. त्यांच्यावरची चरचरसुद्धा कमी झाली.

तिसरी गोष्ट आर्म आणि कार्ट्रिजची जोडी. लग्नासारखंच आहे, दोघं आपापल्या जागी उत्तम असतात, जमायला हवं. पत्रिका जुळवायचं सूत्र सोपं आहे. आर्मचं परिणामी वजन, कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचं वजन, ग्रॅममध्ये, एकत्र करा. त्याला कार्ट्रिजच्या लवचिकतेने गुणा, तो आकडा माहितीपत्रकात कंप्लायन्स म्हणून दिलेला असतो. गुणाकाराचं वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा. उत्तर ८ ते १२ च्या मधे आलं की जोडी जमली. उदाहरणार्थ १२, ६ आणि १ मिळून १९ ग्रॅम, लवचिकता १२: उत्तर साधारण साडेदहा. उत्तम. तोच आर्म आणि लवचिकता ३० ची कार्ट्रिज असेल तर उत्तर ७ च्याही खाली जातं, आणि वाकलेल्या रेकॉर्डचे हेलकावे नेमके तिथेच असतात. माझं तेच झालं होतं. एक सूचना: काही जपानी कंपन्या ही लवचिकता १०० हर्ट्झला मोजून देतात. तो आकडा दीडपट ते दुप्पट धरून हिशेब करावा लागतो. मी कार्ट्रिज बदलली आणि थरथर निम्म्याने उतरली.

रेकॉर्ड सरळ करायला ओव्हनमध्ये ठेवा, उन्हात ठेवा, असे सल्ले कोणी देईल. कृपा करून ऐकू नका. मधल्या दांड्यावर घट्ट बसणारा क्लॅम्प मिळतो, त्याने बऱ्याच रेकॉर्ड्‌स पुरेशा सपाट बसतात. आणि ठेवताना पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. आडव्या थप्प्या लावू नका, गराजमध्ये तर नकोच. इथल्या उन्हाळ्यात बंद गराज म्हणजे भट्टीच.

भावाने बाबांचं नंतर घेतलेलं मोठं टर्नटेबल पाठवू का म्हणून विचारलं होतं. तुमच्याकडेही असं कोणी विचारेल, म्हणून सांगते. भारतातली वीज ५० हर्ट्झ, इथली ६०. ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. थेट विजेवर चालणारी जुनी एसी मोटर इथे एक पंचमांश जोरात पळते, तेहेतीसचे चाळीस फेरे होतात, आणि काळी एकमध्ये गाणारे बुवा पांढरी तीनमध्ये गायला लागतात. त्या मशीनसाठी ६० हर्ट्झची पुली मिळत असेल तरच आणा.

आता राहिले जमिनीचे हादरे. यावर मी सगळ्यात जास्त पैसे घालवले. रबरी पाय, जाड लाकडी पाट, टर्नटेबलखाली आतली फुगवलेली ट्यूबसुद्धा. थोडा थोडा फरक पडला. पण आपली इथली घरं लाकडी सांगाड्यावर उभी. सबवूफर जमीन हलवतो, जमीन टेबल हलवते, टेबल सुई हलवतं, सुई परत सबवूफरला तेच सांगते. चक्रच. मुलगा जिन्यावरून उतरला तरी सुई उडायची.

एका संध्याकाळी मी जमिनीवर बसून स्क्रू फिरवत होते. आई सोफ्यावर भाजी निवडत बघत होती. शेवटी म्हणाली, "अगं, खाली कशाला ठेवतेस? भिंतीत ठेव."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"वाड्यात माडीवर लाकडी तक्तपोशी होती. तुम्ही पोरं धावलात की सुई उडायची. यांनी शेवटी फिएस्टा खिडकीतल्या दगडी कट्ट्यावर नेऊन ठेवला. भिंत हलत नाही, म्हणायचे."

मी पाहिलं होतं ते. लहानपणी रोज पाहिलं होतं. फिएस्टा कायम खिडकीतच असायचा, आणि मला वाटायचं की शेजाऱ्यांनाही गाणी ऐकू जावीत म्हणून.

त्या शनिवारी आम्ही भिंतीतले लाकडी स्टड शोधले, घराच्या बाहेरच्या बाजूच्या भिंतीत, आणि त्यात चार लांब स्क्रूंनी फळी ठोकली. नुसत्या ड्रायवॉलला ठोकू नका, फळीसकट सगळं खाली येईल. टर्नटेबल त्या फळीवर गेलं. सबवूफर कोपऱ्यातून काढला, कारण कोपऱ्यात त्याचा जोर वाढतो, आणि टर्नटेबलपासून दूर समोरच्या भिंतीकडे नेला. पुन्हा थांबलेल्या रेकॉर्डवर सुई ठेवून मुलाला उड्या मारायला लावल्या. पडदा जवळजवळ स्थिर.

तुम्ही करणार असाल तर माझ्या खर्चाच्या उलट्या क्रमाने करा. आधी टर्नटेबल भिंतीवर आणि सबवूफर लांब. मग मोनो रेकॉर्डला मोनोचं बटण. मग फिल्टर. कार्ट्रिज सगळ्यात शेवटी. आणि डिजिटल करताना मूळ फाइल काहीही न छाटता ठेवा, २४ बिटमध्ये, आवाजाची पातळी थोडी कमी, कारण न ऐकू येणारी घरघरही जागा खाते. छाटायचं ते प्रतीवर. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात हाय-पास फिल्टर निवडा, २० हर्ट्झ, २४ डेसिबल. भावाला मी सगळ्या बारा रेकॉर्ड्‌स नव्याने पाठवल्या. उत्तर आलं, "आता डग्गा आहे."

आणि कुणा वडीलधाऱ्यांनी छातीवर दाब येतोय म्हटलं, तर आधी डॉक्टर, मग सबवूफर. तो क्रम मात्र बदलू नका.

फळी लावली त्या रात्री मी आईला विचारलं, लावू का? ती म्हणाली, लाव. गीतरामायणाची तीच रेकॉर्ड लावली, जी पाच मिनिटांत बंद करावी लागली होती. या वेळी ती पहिली बाजू संपेपर्यंत बसली. सुई उचलली तेव्हा डोळे पुसत होती. मी घाबरून विचारलं, "परत दाब येतोय का?"

"नाही गं," ती म्हणाली, "आता नुसते हेच आठवताहेत. दुसरी बाजू लाव."